मागच्या चाकाची तार पुन्हा पुन्हा तुटते: सामान लादलेल्या सायकलचे एक चिवट दुखणे

सामान लादून लांब जाणाऱ्या सायकलच्या मागच्या चाकाची एक तार, म्हणजे स्पोक, तुटते. दुकानात ती बदलून मिळते, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून मिळतो आणि दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर दुसरी तार तुटते. माझ्या सायकलला हा त्रास चौदा महिन्यांत पाच वेळा झाला. पहिली तार तुळजापूरच्या रस्त्यावर तामलवाडीच्या अलीकडे गेली, दुसरी अक्कलकोटहून परतताना, तिसरी आणि चौथी पंढरपूरच्या एकाच फेरीत, आणि पाचवी नळदुर्गचा किल्ला पाहून निघाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. प्रत्येक वेळी मी खड्ड्याला, रस्त्याला किंवा तारेच्या दर्जाला दोष दिला. मूळ कारण या तिन्हींत नव्हते, आणि ते सापडेपर्यंत मी सोलापूरच्या तीन दुकानांत एकाच चाकासाठी पैसे मोजले होते.

सायकल साधी आहे. बाजारात ‘हायब्रिड’ म्हणून मिळते त्या प्रकारची, पोलादी फ्रेमची, ७०० सी मापाच्या चाकांची, मागे आठ दातेरी चकत्यांची, दोन्ही चाकांना प्रत्येकी ३२ तारा असलेली. शहरात फिरण्यासाठी घेतली होती. नंतर तिला मागे कॅरिअर बसवला, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या घेतल्या आणि तंबू, स्टोव्ह, कपडे, पाच लिटर पाणी असा संसार त्यात भरू लागलो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा पाणी कमी करणे शक्य नसते. चादर मात्र कमी करता आली असती. सोलापूरचा माणूस प्रवासाला निघाला की घरची मंडळी सोलापुरी चादर बांधून देतातच, आणि ती माझ्या झोपायच्या थैलीपेक्षा जड भरते, हे मी वजन करून पाहिले आहे.

तार कुठे तुटली, हे आधी पाहावे

तुटलेली तार फेकून देऊ नये. दुकानदार ती बहुधा काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकतो. ती मागून घ्यावी आणि निदान एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: ती पुढच्या चाकाची की मागच्या, चेनच्या बाजूची की डाव्या, आणि तुटली ती हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणावर, मधोमध की निपलजवळच्या (रिमपाशी तार आवळणाऱ्या छोट्या नटजवळच्या) आट्यांवर. माझ्याकडच्या पाचही तारा मागच्या चाकाच्या, पाचही उजव्या बाजूच्या, आणि पाचही हबच्या भोकातून बाहेर पडताना जिथे तार काटकोनात वळते त्या वाकणावर तुटलेल्या होत्या. एवढी एकवाक्यता असेल तर तो योगायोग नसतो. खड्ड्याने तार तुटली असती तर रिमला कुठेतरी पोचा दिसला असता, आणि तसा तो नव्हता.

तार निपलजवळ आट्यांवर तुटत असेल तर गोष्ट वेगळी; तिथे तार रिममध्ये शिरताना तिरकी वाकलेली असते किंवा लांबीला आखूड असल्यामुळे निपलच्या डोक्यापर्यंत पोहोचलेली नसते. मोठ्या चकतीच्या मागे उजव्या तारांवर ओरखडे दिसत असतील, तर चेन कधीतरी तिथे पडून अडकली होती असे समजावे आणि आधी गिअरचा मर्यादा-स्क्रू, म्हणजे चेनला चकत्यांच्या बाहेर जाऊ न देणारा स्क्रू, नीट करावा. रिमच्या भोकांभोवती बारीक चिरा पडत असतील तर तारांचा विचार सोडून रिम बदलावी. आपले दुखणे मात्र वाकणावरचे आहे आणि सामान वाहणाऱ्या सायकलींत तेच सर्वाधिक आढळते.

वाकणावर तार थकते कशी

चाक वरच्या तारांना लटकलेले असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चाकावर भार आला की वरच्या तारांचा ताण फारसा बदलत नाही. जमिनीलगत आलेल्या मोजक्या तारांचा ताण तेवढा कमी होतो आणि त्या वर गेल्या की पूर्ववत होतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक तार एकदा सैलावते आणि एकदा ताणली जाते. ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरसह ७०० सी चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर भरतो, त्यामुळे एका किलोमीटरला सुमारे ४६० फेऱ्या होतात. सोलापूर ते तुळजापूर हे पंचेचाळीस किलोमीटरांचे अंतर धरले तर एका बाजूच्या प्रवासातच प्रत्येक तार वीस हजारांहून अधिक वेळा सैल आणि घट्ट झालेली असते. पत्र्याचा तुकडा एकाच ठिकाणी पुढे-मागे वाकवत राहिलो तर तो जसा शेवटी हातात तुटून येतो, तसेच येथे घडते, फक्त वाकवणे डोळ्यांना दिसत नाही.

तारांना मुळात पुरेसा ताण दिलेला असेल तर खाली आलेली तार थोडी सैलावते, तरी ताठ राहते. ताण अपुरा असेल आणि वर सामानाचा भार असेल तर ती पूर्णच सुटते, वाकण हबच्या भोकात हलू लागते आणि पुढच्या क्षणी पुन्हा झटक्याने ओढले जाते. थकवा येतो तो इथे. तार मूळची बनताना त्याच जागी थंड वाकवलेली असल्यामुळे तिथे आधीच अंतर्गत ताण साठलेला असतो, ही त्यात भर.

उजवीच बाजू का, याचेही उत्तर चाकाच्या घडणीत आहे. मागच्या हबवर उजव्या बाजूला चकत्यांचा गठ्ठा बसवायचा असल्याने उजवी पाकळी, म्हणजे तारांची भोके असलेली हबची कड, मध्याकडे सरकलेली असते, म्हणून उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि डाव्या तिरक्या राहतात. रिम मध्यावर ठेवायची तर उभ्या तारांना अधिक ओढावे लागते. माझ्यासारख्या चाकात डाव्या तारांचा ताण उजव्यांच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असतो. पायडल मारताना येणारी ओढही या तारांना सोसावी लागते. सगळ्यात जास्त कष्ट जिच्या वाट्याला, तीच बाजू आधी मोडते.

दुरुस्तीनेच दुखणे कसे वाढले

पहिल्या दोन दुरुस्त्या शहरातल्या एका दुकानात झाल्या. तिथल्या मुलाने तुटलेल्या जागी नवी तार घातली, चाक फिरवून जिथे आऊट दिसला तिथली निपल पिळली, चाक सरळ झाले आणि मी घरी आलो. चाक सरळ दिसणे आणि तारांचा ताण सारखा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. एक तार फार घट्ट आणि तिची शेजारीण फार सैल असली तरी रिम सरळ फिरू शकते; पण मग घट्ट तार जास्तीचा भार ओढते आणि सैल तार थकत जाते. प्रत्येक दुरुस्तीनंतर माझे चाक दिसायला सरळ आणि आतून अधिकाधिक विस्कळीत होत गेले. तिसऱ्या वेळी दुसऱ्या दुकानात ‘जाड तारा टाका, पुन्हा येणार नाही’ असा सल्ला मिळाला आणि मी तोही मानला. जाड तार ताणली असता कमी लांबते, त्यामुळे भार आल्यावर ती लवकर पूर्ण सैल पडते; म्हणून हा उपाय उलटा बसतो. मधल्या भागात थोडी बारीक केलेली तार, दोन्ही टोकांना २.० आणि मध्ये १.८ मिलिमीटर, ताण धरून ठेवण्यात सरस ठरते.

पाचव्या वेळी मी चाक घेऊन जुन्या पेठेतल्या एका वयस्क कारागिराकडे गेलो, ज्यांना सगळे नुसते चाचा म्हणतात. त्यांनी तुटलेल्या तारेकडे पाहिलेसुद्धा नाही. चाक मांडीवर आडवे घेतले आणि अंगठा व तर्जनीने एकेक तार छेडत त्यांनी ते गोल फिरवले. काही तारा ‘टण्’ वाजल्या, काहींचा नुसता ‘ठप्’ असा मुका आवाज आला. “साहेब, चाक सरळ आहे, पण सुरात नाही,” ते म्हणाले. “एक तार बदलून देतो म्हटलं तर तुम्ही पुढच्या महिन्यात परत येणार. हे पूर्ण सोडवून बांधायला लागतंय.”

हा छेडून पाहण्याचा प्रकार घरीही करता येतो. मात्र उजव्या तारांची तुलना उजव्यांशीच करावी, डाव्यांचा स्वर खालचाच असणार. दोन तारा जिथे एकमेकींना घासून जातात त्या जागेच्या वर, रिमच्या बाजूला छेडले की आवाज स्वच्छ येतो. नंतर ताण मोजण्याचे यंत्र एका मित्राकडून मिळाले तेव्हा मोजले, तर उजव्या तारांचे आकडे ५५ पासून ९५ किलोपर्यंत विखुरलेले होते आणि डावीकडच्या काही तारा तिशीतच होत्या. चाचांच्या बोटांनी ते यंत्राआधीच सांगितले होते.

भार कुठे बसतो, हे काट्यावर पाहिले

चाक बांधायला देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करायची होती. मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडे कांद्याच्या गोण्या मोजायचा काटा आहे. सकाळची गर्दी ओसरल्यावर मी पूर्ण सामानासह सायकल तिथे नेली. एक चाक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून, मी स्वतः सायकलवर बसून, हमालाच्या खांद्याचा नुसता तोल सांभाळण्यापुरता आधार घेऊन वजन घेतले. मी ७४, सायकल १५, सामान १८, असे एकूण १०७ किलो; त्यातले मागच्या चाकावर ७५ आणि पुढच्यावर ३२. सामानाचा एक ग्रॅमही पुढे नव्हता. एवढेच नव्हे, पिशव्यांचा मध्य मागच्या आसाच्याही मागे सात-आठ सेंटिमीटर होता, म्हणजे सामान पुढच्या चाकाचा थोडा भार उचलून तो मागच्यावर टाकत होते.

पिशव्या इतक्या मागे का बांधल्या होत्या, याचे कारण माझी टाच. पायडल मारताना टाच पिशवीच्या पुढच्या कोपऱ्याला लागत होती, म्हणून मी त्या मागे सरकवल्या. आणि टाच लागत होती कारण फ्रेमच माझ्या कामासाठी आखलेली नव्हती. पायडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतची नळी, ज्याला चेनस्टे म्हणतात, ती माझ्या सायकलवर ४२५ मिलिमीटर आहे. शर्यतीच्या सायकलीत ती याहून आखूड, सव्वाचारशेच्याही आत असते, तर प्रवासासाठी आखलेल्या सायकलीत ४५० ते ४६० पर्यंत लांब ठेवतात. तीन सेंटिमीटर ही काही मोठी गोष्ट वाटत नाही, पण त्यातून टाचेला जागा मिळते, पिशव्या आसावर येतात आणि मागच्या चाकाचे ओझे कमी होते. तार तुटण्याचे मूळ फ्रेमच्या एका नळीच्या लांबीत असू शकते, हे मला काट्यावर उभे राहिल्याशिवाय सुचले नसते. प्रवासासाठी नवी सायकल घ्यायची असेल तर दुकानात गिअर किती आहेत हे विचारण्याआधी टेपने ही लांबी मोजावी, आणि कॅरिअरसाठी आसाजवळ तसेच सीटखालच्या नळ्यांवर आटे पाडलेली भोके आहेत का, पुढच्या चिमट्यालाही ती आहेत का, हे पाहावे.

गंमत अशी की या सगळ्याचे उत्तर रोज पहाटे माझ्या गल्लीतून जाते. दूधवाल्याच्या काळ्या उंच सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. ज्याने ती आखली त्याला भार कुठे बसणार हे माहीत होते. तिला मागे एकच चकती असल्याने दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण जवळजवळ सारखा असतो, आणि मागचे चाक इतके मागे असते की कॅनला टाच लागण्याचा प्रश्न येत नाही. आपण नव्या सायकलींत गिअर आणि हलकेपणा मिळवला, पण तो मिळवताना तारा ३२ वर आणल्या, चाक पुढे ओढले आणि उजवी बाजू उभी केली, आणि मग तीवर दूधवाल्याइतके ओझे लादू लागलो.

चाक पुन्हा बांधले ते असे

हब ३६ भोकांचा घेतला, रिमही ३६ भोकांची, दुहेरी भिंतीची आणि भोकांना धातूच्या कड्या बसवलेली. जुन्या ३२ भोकांच्या हबवर नव्या तारा घालूनही पुष्कळ फरक पडला असता, आणि खर्च टाळायचा असेल तर आधी तेच करून पाहावे. माझा जुना हब चकत्यांच्या बाजूने घासला होता म्हणून मी तो बदलला. जुन्यांपैकी एकही तार ठेवली नाही. सगळ्या एकाच वयाच्या, एकाच प्रवासात थकलेल्या होत्या, त्यामुळे तुटलेली एक बदलणे म्हणजे रांगेतल्या पुढचीला वाट करून देणे होते. दोन किंवा तीन तारा वाकणावर तुटल्या की उरलेल्यांवर विश्वास ठेवू नये, असे माझे मत झाले आहे.

चाचांनी निपलच्या आट्यांना तेलाचे बोट लावले, प्रत्येक तार वाटेत तीन तारांना ओलांडेल अशी विणली, आणि ताण देण्यापूर्वी प्रत्येक बाहेरच्या तारेचे वाकण अंगठ्याने हबच्या पाकळीवर दाबून बसवले. मग ताण एकदम न देता प्रत्येक निपलला अर्धा आटा, पुन्हा अर्धा आटा, असे फेऱ्या घेत वाढवत नेले. शेवटी त्यांनी जे केले ते मी याआधी एकाही दुकानात पाहिले नव्हते: हातात सुती फडके धरून त्यांनी समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत घेऊन जोराने आवळल्या, एकेक जोडी, दोन्ही बाजू, पूर्ण गोल. चाक करकरले, दोन ठिकाणी ‘टक्’ असा आवाज आला आणि सरळ झालेले चाक पुन्हा थोडे आऊट गेले. ते पुन्हा सरळ करून त्यांनी पुन्हा आवळले. वाकणात साठलेला अंतर्गत ताण याने निघतो आणि तार भोकात कायमची बसते. हे न केलेले चाक पहिल्या शंभर किलोमीटरांतच सैल पडू लागते. यंत्राने मोजले तेव्हा उजव्या तारा ११० किलोच्या अलीकडे-पलीकडे आणि डाव्या ६५ च्या आसपास होत्या. रिमचा कारखाना कमाल किती ताण चालेल ते सांगतो, बहुतेक चांगल्या रिमांना १०० ते १२० पर्यंत चालतो. त्याच्या वर जाऊ नये.

सामानाची मांडणीही बदलली. पुढच्या चिमट्याला खालच्या उंचीचा छोटा कॅरिअर बसवून सात किलो पुढे नेले: स्टोव्ह, भांडी, शेंगाचटणी व कडक भाकऱ्यांचे डबे आणि निम्मे पाणी. मागच्या पिशव्या पुढचा खालचा कोपरा तिरका असलेल्या घेतल्या, त्यामुळे टाच न लागता त्या पाच सेंटिमीटर पुढे आल्या. काट्यावर आता मागे ६७ आणि पुढे ४० भरले. पुढे सामान बांधताना दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे आणि ते आसाच्या उंचीच्या जवळपास असावे. उंचावर, हँडलच्या पिशवीत जड सामान कोंबले की हँडल डुगडुगते. तुळजापूरचा घाट उतरताना माझे हँडल पूर्वी थरथरत असे, ते आता जवळजवळ थांबले आहे. सगळे ओझे एकाच टोकाला असणे आणि कॅरिअरचे बोल्ट ढिले असणे ही दोन्ही कारणे त्यामागे होती. हे ५ मिलिमीटरचे बोल्ट प्रवासात दर सकाळी हाताने तपासावेत.

टायर ३५ वरून ३८ केले, हवा थोडी कमी ठेवली, धक्के कमी झाले. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा असू द्यावी, कारण पावसाळ्यात वाट चुकून शेतरस्त्याला लागलो की आपली काळी माती तिथे अशी भरते की चाक फिरतच नाही.

वाटेत तार तुटलीच तर

उजवी तार तुटली की रिम त्या जागी डावीकडे जाते आणि ब्रेकला घासते. तुटलेली तार शेजारणीला गुंडाळावी किंवा काढून टाकावी, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या डाव्या तारांच्या निपल अर्ध्या ते एक आट्याने ढिल्या कराव्यात. रिम पुष्कळशी मध्यावर येते. तरी घासत असेल तर मागचा ब्रेक मोकळा करून पुढच्यावर सावकाश जावे आणि मागचे जड सामान शक्य तेवढे पुढे घ्यावे. ३२ किंवा ३६ तारांचे चाक अशा अवस्थेत घर गाठून देते. नवी उजवी तार वाटेत घालता येईलच असे नाही, कारण चकत्यांचा गठ्ठा काढल्याशिवाय ती भोकात शिरत नाही. तो काढायचा पाना गावाकडच्या पंक्चरच्या दुकानात नसतो, म्हणून तो स्वतःजवळ ठेवावा. अक्कलकोटच्या रस्त्यावर माझ्याकडे तारा होत्या, पाना नव्हता, आणि मी सायकलसह छोट्या टेम्पोत कोथिंबिरीच्या पेंड्यांवर बसून सोलापुरात आलो.

नव्याने बांधलेले चाक पहिल्या अडीचशे-तीनशे किलोमीटरांनंतर एकदा छेडून तपासून घ्यावे आणि ढिली वाटेल ती तार पाव आट्याने घट्ट करावी. माझे चाक या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात बांधले, त्याला आता २,६०० किलोमीटर झाले आहेत आणि एकही तार गेलेली नाही. तरीही चेनस्टेला चिकटपट्टीने तीन सुट्या तारा बांधून ठेवल्या आहेत, दोन उजव्या आणि एक डावी. उजव्या तारा सुमारे दोन मिलिमीटर आखूड असतात, म्हणून त्यांच्या टोकाला लाल रंग लावला आहे.